मेलेली सवत

तिसरीच्या वर्गात युसनिमार विरुद्धार्थी शब्द शिकवत होती. उंच-ठेंगणा, गोड-कडू. मग तिने फळ्यावर 'कथा' लिहिलं आणि तिचा हात तिथंच थांबला. धड्यात तो शब्द नव्हताच. मुलं आपली सुचवू लागली. खरं, बातमी, गप्प बसणं. तिने एकाही उत्तराला बरोबर म्हटलं नाही. मी शेजारच्या वर्गात शिकवते, मधल्या दारातून सगळं दिसतं, ऐकू येतं. तिच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं.

तिचा नवरा सियाफ्रिल लग्नघरी रबाब वाजवून कथा गातो. त्या वर्षी त्याने नवी कथा बसवली होती. त्या कथेतली नायिका बुलान पुलाखाली भात विकते, हसताना तोंडावर हात धरते आणि तिच्या डाव्या कोपरापाशी तीळ आहे. त्या तिळाने युसनिमारची झोप उडवली.

"उदा, तीळ डाव्याच कोपरावर का?" तिने जेवताना विचारलं. आमच्याकडे नवऱ्याला 'उदा' म्हणतात.

"कुठेतरी हवाच ना."

"माझ्या अंगावर कुठे आहे, सांगा बरं."

तो खाली मान घालून माशाचे काटे काढत राहिला.

गायला जाताना सियाफ्रिल कांबांग गावी जेवायला थांबायचा. युसनिमार बस पकडून तिथे गेली. तिथल्या पुलाखाली दार्नेलिस नावाच्या बाईची खानावळ होती. ताट पुढे ठेवणाऱ्या हातावर, डाव्या कोपरापाशी, तीळ होता. युसनिमारने घासही न घेता पैसे ठेवले आणि घरी आली.

"तिला मारा," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तुमची उशी दाराबाहेर ठेवते."

आमच्याकडे घर बाईचं असतं, नवरा तिच्याकडे राहायला येतो. सियाफ्रिलने पुढच्याच लग्नघरी गाताना बुलानला ताप आणला आणि मारलं.

बायका ओढणीत तोंड खुपसून रडल्या. मग जो तो म्हणू लागला, आमच्याकडे बुलानचं मरण गा. कोळ्यांनी होड्यांवर तिचं नाव रंगवलं. जिवंत होती तेव्हा ती एका बाईची सवत होती. आता अख्ख्या किनाऱ्याची लाडकी झाली. युसनिमार वाळत चालली.

एका दुपारी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर वह्या तपासत होतो, तेव्हा दार्नेलिस पायऱ्या चढून आली.

"बाई, मी जिवंत आहे, एवढं तुमच्या नवऱ्याला सांगा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं मला बघून मेलेल्या माणसासाठीचा फातिहा म्हणतात. माझ्या नवऱ्याला लोक स्थळं सुचवतात."

युसनिमारने लाल पेन मिटलं. "ते काय बोलायचे तुझ्याशी?"

"काही नाही. यायचे, मासा मागायचे, खाऊन जायचे. मला वाटलं, मुकेच आहेत."

"आणि तीळ?"

"ताट ठेवताना दिसतो की. तुमच्याशी तरी बोलतात का?"

"मीठ कमी पडलं की बोलतात."

दार्नेलिस तोंडावर हात धरून हसली. युसनिमारने तो हात बघितला. "हे असं कशाला धरतेस?"

"पुढचा दात पडलाय, बाई."

युसनिमार खूप दिवसांनी हसली आणि चहा ठेवायला आत गेली. बशीत मात्र केळ्याची भजी तिने मोजकीच आणली.

त्यानंतर कथेआधी सियाफ्रिल सांगू लागला की कांबांगची भातवाली खुशाल आहे, तिचा बुलानशी संबंध नाही. तोवर ज्यांना संशय नव्हता तेही मग तिला बघायला जाऊ लागले. खानावळ वाढली. दार्नेलिसची तक्रार पुन्हा आली नाही.

युसनिमार आता प्रत्येक लग्नाला जाते. बुलान मरते तेव्हा बायका रडतात, सियाफ्रिलचेही डोळे भरतात. ती एकटी त्याच्या तोंडाकडे बघत बसते.

"आता तर सगळं कळलं ना तुला?" मी तिला विचारलं. "मग काय बघतेस?"

"मी गेले तर हे एवढे रडतील का," ती म्हणाली, "त्याचा अंदाज घेते."