एक टाका जास्त

आपली भाषा इथे कुणाला कळत नाही, या भरवशावर आमच्या मराठी लोकांनी तंजावुरात काय काय घाण बोलून ठेवलीय, ते मला विचारा. साडीच्या दुकानात, बसमध्ये, तमिळ शेजाऱ्यांच्या लग्नात पंगतीला बसून. वाढणाऱ्याचीच निंदा करायची, आणि तोंडावर गोड हसू. पिढ्यान्पिढ्यांची खोड आहे ही. लहानपणी मीही ती मजा भरपूर केलीय, खोटं कशाला बोलू!

आता माझ्या दवाखान्याच्या दारावर डॉक्टर अंबुजा वेंकटरमण अशी पाटी आहे. नवरा तमिळ, आडनावाच्या जागी त्याचं नाव. त्यामुळे मी राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेली, रघुनाथरावांची लेक, हे नव्या पेशंटला कळायचं कारण नाही. मीही सांगत नाही. समोर आपले लोक मराठीतून एकमेकांना काय सांगतात ते निमूट ऐकते. पण परवा जे ऐकलं, त्याने अजून माझं तोंड कडू आहे.

जवळच्या पापनाशमहून तिघं आली होती, आपल्यातलीच. नित्या नावाची पंचविशीची पोर, तिचा नवरा साईराम आणि सासू हिराबाई. सासूच्या मांडीवर सात महिन्यांची नात. साईराम बँकेत नोकरीला. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली, ती सारखी टेबलावर टकटक वाजवत होता. बोलायचं काम त्याचंच, तेही तमिळमधून.

"नॉर्मल डिलिव्हरी झाली आणि हिचं सगळं बिघडलं, मॅडम. जवळ गेलं की रडते. इच्छाच राहिली नाही. आम्ही आधीपासून सांगत होतो ऑपरेशन करू म्हणून, पण हिला नॉर्मलच हवं होतं. आता हिला काहीतरी गोळ्या द्या. आणि पुढच्या वेळी मात्र थेट सिझेरियन, म्हणजे सगळं होतं तसं राहील."

सगळं म्हणजे काय, ते तो बोलला नाही. बायकोचं अंग म्हणजे घरातला मिक्सर, बिघडला की दुरुस्तीला न्यायचा, असा त्याचा सूर.

मी नित्याला विचारलं, "तुला काय होतं ते तू सांग."

"दुखतं," ती खाली बघत म्हणाली. "सुरीने कापल्यासारखं. चूक माझीच आहे, डॉक्टर. मीच हट्ट केला नॉर्मलचा."

तपासायला तिला आतल्या खोलीत घेतलं. सेल्वी सिस्टर तिचा हात धरून उभी राहिली. बोटाचं टोक लागलं मात्र, त्या पोरीने पदर दातात धरला. तीस वर्षांत मी वाकडेतिकडे टाके पुष्कळ पाहिलेत. घाईत घातलेले, दमलेल्या हाताने घातलेले. हे तसले नव्हते. चांगल्या सरावाच्या हाताने, नीट विचार करून, जेवढं शिवायला हवं त्याच्यापुढे शिवत नेलं होतं. पोरीचं अंग पार आवळून टाकलं होतं. आणि ती सात महिने समजत होती की खोट तिच्यात आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पुरावा काय? टाक्यांवरून डॉक्टरचा हात कसा ते कळतं, त्याला सांगणारा कोण ते कळत नाही.

"सावकाश ये," तिला म्हटलं. सेल्वीला तिच्याजवळच थांबायला सांगितलं. दार ओढून बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला लागले. पाठमोरी. मायलेकांनी लगेच मराठी काढली.

"या डॉक्टरणीला कळलं असेल का रे?" हिराबाई.

"काय कळणार? टाके ते टाके. तू फक्त गप्प राहा."

"मी बाळंतपणाच्या वेळी तिथल्या डॉक्टरला एवढंच म्हटलं होतं, एक टाका जास्त घाला, माझ्या लेकाला त्रास नको. त्या मेल्याने दोन घातले की काय?"

साईराम हसला. हो, हसला. "अगं, तुझ्याआधी मीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, डॉक्टर, माझाही विचार करा. तो म्हणाला, काळजीच करू नका, नव्यासारखी करून देतो. आणि आता बघ. एवढं करून काय उपयोग झाला?"

चोराच्या उलट्या बोंबा! ब्लाउज शिवायला टाकताना बाई शिंप्याला सांगते ना, जरा आत घे, सैल नको, त्याच सहजपणे दोघं बोलत होती. आणि नित्या तेव्हा टेबलावर होती, नुकती मोकळी झालेली, लेकीचं पहिलं रडणं ऐकत. तिच्या पायांशी तिच्या अंगाचा सौदा चालला होता. दोनदा साबण लावला तरी हात स्वच्छ वाटेनात.

खुर्चीवर येऊन बसले आणि आमच्या गल्लीतल्या मराठीत म्हटलं, "एक जास्त की दोन, ते मी सांगते, हिराबाई."

किल्लीची टकटक थांबली.

आणि तुम्हाला वाटेल, बाई मेल्याहून मेल्यासारखी झाली असेल. छे! जनाची नाही तर मनाची तरी असावी? हिराबाईंचा चेहरा उजळला. "अगंबाई! तुम्ही आपल्यातल्या? कुणाच्या घरच्या?"

"ते राहू द्या."

"नाही, बरंच झालं की. आपल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही." त्या पुढे सरकल्या, आवाज खाली आणला. "तीन बाळंतपणं झाली माझी, तिन्ही नॉर्मल. तिसऱ्यानंतर ह्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. म्हणाले, तुझ्यात आता काय राहिलंय. मग कुंभकोणमला कुणी एक होती. अठरा वर्षं मी ते पाहिलं. माझ्या सुनेवर ती पाळी येऊ नये म्हणून बोलले मी. वाईट काय केलं?"

एखादी म्हणेल, बिचारी. मलाही क्षणभर वाटलं. पण त्या बाईला नवऱ्याने केलेल्या घाणीचा राग नवऱ्यावर नाही, स्वतःच्या बाळंतपणांवर होता. आणि तो काढला कुणावर, तर सुनेवर! बिचारेपणाला काही सीमा आहे की नाही?

तेवढ्यात नित्या आली आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर हळूच, एका अंगावर बसली.

मी साईरामला म्हटलं, "आत्ता आईला जे सांगितलंस ते हिला सांग. तू सांगतोस की मी सांगू?"

"मॅडम, हे आमच्या घरातलं आहे."

"घरातलं नाही. तिच्या अंगातलं आहे."

मग मीच सांगितलं. तिच्याकडे बघून, मराठीत, एकही शब्द गुळमुळीत न करता.

"नित्या, तुझ्या हट्टाने काही बिघडलेलं नाही. सिझेरियन झालेल्या बायकाही दुखतं म्हणून माझ्याकडे येतात. पहिले काही महिने बऱ्याच जणींना त्रास होतो, पण वर्ष-दीड वर्षाने नॉर्मलवाली आणि सिझेरियनवाली यांत फारसा फरक राहत नाही. तुझं बाळंतपण चांगलं झालं. नंतर शिवताना तुला मुद्दाम जास्त आवळलं. तुला न विचारता. ह्या दोघांनी सांगितलं म्हणून. म्हणून दुखतं. याला उपाय आहे. मलम आहे, व्यायाम आहे, आणि नाहीच भागलं तर तेवढा भाग मोकळा करून देता येतो. काय करायचं आणि कधी, ते तू सांगशील. हे दोघं नाही."

तिने पुन्हा विचारलं नाही, खरं का म्हणून. सासूकडे बघितलं नाही. नवऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हे बघ, तुझ्याच भल्यासाठी... आईचंही म्हणणं होतं..."

"सुरुवातीपासून ठाऊक होतं?"

"घरी जाऊन बोलू आपण. ऊठ."

ती उठली नाही. आवाजही चढवला नाही. माझ्याकडे वळून, शाळेत बाईंना हकिगत सांगावी तसं सांगू लागली.

"दर वेळी मला सोसायचं नाही, डॉक्टर. मी ह्यांना ढकलून द्यायची. मग मलाच लाज वाटायची. उठून ह्यांच्या पाया पडायची. म्हणायची, माझ्या हट्टापायी तुमचं सुख गेलं, मला क्षमा करा. आणि हे डोक्यावर हात ठेवायचे. म्हणायचे, असू दे, मी माफ केलंय."

सेल्वी दारात उभी होती. तिला मराठी कळत नाही, तरी तिने मान वळवली.

"तू असं म्हणायचास?" हिराबाईंनी लेकाला विचारलं. हे त्यांनाही नवीन होतं. साईरामने किल्ली खिशात टाकली, पुन्हा काढली. हिराबाई नातीला घेऊन उठल्या, लेकाजवळून निघून सुनेच्या शेजारी आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नित्याने खांदा काढून घेतला. मग उठून त्यांच्या कडेवरची मुलगी आपल्याकडे घेतली, आणि सेल्वीला तमिळमधून विचारलं की आतल्या खोलीला आतून कडी लागते का, तिला लेकीला पाजायचं होतं.