अकरा टाचण्या

मी कादंबरी बोलतेय. खरं तर अर्धी कादंबरी आणि अर्धी जाहिरात. एक व्हिडिओ गेम तुफान चालला, म्हणून कंपनीने एका लेखकाकडून मला दोन महिन्यांत लिहून घेतलं. त्याने तो गेम शेवटपर्यंत खेळलाच नव्हता. घाईची शिवण उसवायचीच. माझी नेमकी शेवटच्या पानावर उसवली.

मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. लेकीच्या स्क्रीनवरचं दीपगृह माझ्या मुखपृष्ठावर दिसलं, एवढ्यावरून. लेक कॉलेजातून आली की हेडफोन लावून बसे. आईशी बोलणं म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'ठेव तिथे'. आईला वाटलं, हे वाचलं की तिच्याशी बोलायला विषय मिळेल.

मशीन थांबलं की ती मला मांडीवर घेई आणि ओठ हलवत वाचे. लेकीला काही विचारावंसं वाटलं, की त्या पानाला टाचणी लावे. अशा अकरा टाचण्या मी दागिन्यांसारख्या मिरवल्या. इतकं मन माझ्यात कुणीच घातलं नव्हतं, लिहिणाऱ्यानेसुद्धा.

मी वाचून संपले त्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. "तो दीपगृहावरचा म्हातारा शेवटी बुडाला गं. फार वाईट वाटलं."

लेकीने हेडफोन काढला. "बुडतो कुठे? मी दरवेळी वाचवते त्याला. आई, त्यातलं कळत नाही तर बोलतेस कशाला?"

"पुस्तकात तसंच होतं."

"मग पुस्तक भिकार आहे."

चूक माझी होती आणि खापर आईवर फुटलं. तिने ताटं उचलली. अकरांपैकी एकही प्रश्न तिने विचारला नाही, टाचण्याही काढल्या नाहीत. त्या लेखकाला मी अजून माफ केलेलं नाही.

आता मी लेकीच्या टेबलावर असते. तिची मान दुखायची, स्क्रीन जरा उंच हवा होता, म्हणून तिने मला त्याच्याखाली सरकवलं. माझ्या डोक्यावर तोच गेम चालतो. तिथे म्हातारा रोज वाचतो. मला कुणी वाचत नाही.

आई कधीतरी दारात येऊन विचारते, "मान दुखते का अजून?"

"नाही."

"बरं." मग पलीकडे मशीन सुरू होतं.

टाचण्या गंजल्यात, पानांवर तांबूस डाग पडलेत. पोरी, मी भिकार आहे, मान्य. माझ्या गोष्टीसाठी नको उघडूस. पण पलीकडचं मशीन चालू आहे तोवर एकदा मला उघड. जरा जपून, टाचण्या टोचतील.