कुमुदताईंची जुनी अकरावी

कुमुदताईंची लाल इलेक्ट्रिक स्कूटर गेले तीन आठवडे त्यांचा मुलगा इंद्रजीत उडवत होता, आणि त्याबद्दल तक्रार करावी तर घरचे उलट त्यांनाच शहाणपण शिकवत होते.

गुन्हा एवढाच, की उरण नाक्यावर स्कूटरने बाजाराला गेलेल्या कुमुदताई परत आल्या रिक्षाने, आणि पार्किंग रिकामं बघून "चोर, चोर" करत त्यांनी अख्खी सोसायटी गोळा केली. स्कूटर बाजारातच सापडली तेव्हा भाजीवालीने तिच्या सीटवर कोथिंबिरीच्या जुड्या मांडल्या होत्या. अडुसष्टाव्या वर्षी माणूस विसरणार नाही तर काय? पण इंद्रजीतने किल्ली खिशात घातली. "आई, आधी चाचणी. पास झालीस तर किल्ली तुझी. नाहीतर स्कूटर विकून टाकू."

म्हणून आज सगळे वडाळे तळ्याजवळच्या दवाखान्यात आले होते. मोठ्या माणसांची भाषा आणि आठवण तपासणारी रेवा नावाची तरतरीत मुलगी समोर बसली होती. तिने फॉर्म पुढे ओढला. "काकू, शिक्षण?"

"मॅट्रिक!" कुमुदताईंचे यजमान गुरुदत्त छाती फुगवून म्हणाले. "जुनी अकरावी हो, आत्ताची नव्हे. आणि मी बी.कॉम. आलोच आहे तर नंतर माझीही करून टाका."

ही अकरावी म्हणजे लग्न जमवताना कुमुदताईंच्या वडिलांनी ठोकून दिलेली थाप होती. सातवीत नापास झाल्यावर कुमुदताईंनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं त्यांनी ती थाप लोणच्याच्या बरणीसारखी जपली होती. कोणी सर्टिफिकेट मागितलंच तर ते गाढी नदीच्या पुरात वाहून गेलेलं असायचं, दर पुरात नव्याने.

चाचणी सुरू झाली. होकायंत्राच्या चित्राला कुमुदताई म्हणाल्या, "बंद पडलेलं घड्याळ." बर्फाच्या घराला म्हणाल्या, "उपडी घातलेली कढई." एक लांबलचक सरकारी वाक्य जसंच्या तसं म्हणायचं होतं, ते त्यांनी निम्म्यावर आणलं आणि वर सोपंही करून दिलं. मात्र एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायची म्हटल्यावर त्यांनी अशी काही गाडी सोडली की लिहिता लिहिता रेवाचा हात दुखायला लागला. शेवळं, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी! मिनिट संपलं तरी बाई थांबेनात. "अगं लिही की, घोळ राहिलीच!"

रेवाने बेरीज केली. "तीसपैकी बावीस."

"म्हणजे पास?" इंद्रजीतने विचारलं.

"मॅट्रिकवाल्यांना चोवीस लागतात," रेवा हळहळली. "सातवीपर्यंत शिकलेल्यांना अठरा पुरतात."

"हा कुठला न्याय?" गुरुदत्त उखडले.

"काका, कागदावरची चित्रं ओळखायची, वाक्यं पाठ म्हणायची ही शाळेची सवय असते. ज्यांना शाळाच कमी मिळाली, त्यांचं डोकं कमी चालतं असं थोडंच आहे? म्हणून तुलना करायची ती आपल्याइतकंच शिकलेल्यांशी."

कुमुदताईंनी खिडकीतून खाली पाहिलं. इंद्रजीतने आणलेली त्यांची स्कूटर तिथे उन्हात उभी होती. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सत्तेचाळीस वर्षांची अब्रू! आता आपल्याला रडू फुटणार असं त्यांना वाटलं, आणि फुटलं ते हसू.

"रेवा, खोड ते मॅट्रिक. सातवी लिही. तीही नापास."

"अगं कुमुद, काहीतरीच काय!"

"खरंच हो. बाबांनी थाप मारली होती. तुमचं स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना."

"मग काकू, तुम्ही झोकात पास!" रेवाने टाळीच वाजवली.

कुमुदताईंनी हात पुढे केला. इंद्रजीतने खिशातून काढून किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली. ती त्यांनी घट्ट मुठीत धरली, पण यजमानांकडे बघायचा काही त्यांना धीर होईना.

"आता काका तुम्ही," रेवा म्हणाली. "बी.कॉम. ना?"

गुरुदत्तांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. घसा खाकरला. "लिहा... पहिलं वर्ष. म्हणजे, अर्धं."

"अहो!"

"मग काय करणार? तुझे बाबा मुलगी मॅट्रिक आहे म्हणाले. माझ्या घरच्यांनाही काहीतरी सांगायला नको?"

"आणि तो रोजचा इंग्रजी पेपर?"

"तुझ्यासाठी लावला होता! मॅट्रिक झालेली बायको, घरात इंग्रजी पेपर नसला तर काय म्हणशील मला?"

"अहो, आणि मी तुम्हाला घाबरून रोज दुपारी तासभर तो डोळ्यांसमोर धरून बसायचे!"

इंद्रजीत दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "म्हणजे आपल्या घरात तो पेपर वाचत कोण होतं?"

गुरुदत्त टेबलावर डोकं टेकून हसून गदगदत होते, रेवाच्या हातातून फॉर्म गळून पडला होता आणि कुमुदताई पदराने डोळे पुसत होत्या. जन्मभर ज्या माणसाच्या शिक्षणाला आपण घाबरलो, तो बिचारा आपल्या शिक्षणाला घाबरत होता! त्यांना इतकं हलकं वाटलं, की जन्मात वाटलं नव्हतं.

"होऊ दे तुमची परीक्षा सावकाश," त्या उठत म्हणाल्या. "मी खाली थांबते. पास व्हा नाहीतर नापास, घरी माझ्यामागे बसून यायचं. इंद्रजीत, तू रिक्षाने ये."