सात वाजून बारा मिनिटांचा शुक्र

भुजंगबुवाला त्या संध्याकाळी काय मिळायचं होतं, ते आधी मांडू. कारभारीची दुभती गाय वासरासकट अगोदरच मिळाली होती. राहिली होती विहिरीलगतची मठाची जागा आणि पंचक्रोशीत जन्मभराचं जेवण. कारभारीला मिळायचा होता फक्त लेकीचा उतरलेला ताप.

केळणा नदीच्या वाळूत अख्खं भोकरदन लोटलं होतं. पश्चिमेला चंद्राची कोर, तिच्या अगदी वर शुक्र.

"आम्ही अंगठाबहाद्दर!" बुवा गरजला. "पण सातावर बराबर बारा मिनिटं झाली, की चंद्राला हुकूम सोडतो, गिळ शुक्र! शुक्र गेला की पोरीचा ताप गेला!"

कारभारीचा धाकटा भाऊ जगन्नाथ हैदराबादच्या वेधशाळेत होता. तो सातला सर्व्हिस मोटारीतून उतरला, खांद्यावर दुर्बीण; मोटार पुढं निघून गेली. आज चंद्र शुक्राला झाकणार, हे गणित त्याचंच; चार महिन्यांपूर्वी इंग्रजी शोधपत्रिकेत छापलेलं. हैदराबाद, मद्रास आणि हौसेनं घातलेलं आपलं भोकरदन, अशा तीन ठिकाणांहून तिघांनी वेळा टिपायच्या आणि त्या ताडून चंद्राची नेमकी जागा ठरवायची, असा त्यांचा बेत होता.

बारा ऐकून तो चपापला. भोकरदनच्या आकड्यात त्याची आठ मिनिटांची चूक झाली होती. पुढच्या अंकात त्यानं दुरुस्ती छापली होती : सात वाजून चार.

सात वर्षांची उमा बापाच्या मांडीवर ग्लानीत पडली होती.

"दादा, तापावरचं कोयनेल दिलं का हिला?"

"बुवांनी बाटलीला काळा दोरा बांधलाय. शुक्र गेल्याबिगर उघडायची न्हाई. आज नववा दिवस."

"गाडी जुंप. आत्ता जालन्याच्या दवाखान्यात निघू."

"बारा मिनिटांनी काय बिघडतं रे? शिकलास म्हणून मोठ्या भावाला पोरीसाठी थांबूबी देईना का?"

हा उठणार नाही, हे जगन्नाथला कळलं. तो गर्दीकडे वळला. "ऐका! शुक्र बाराला न्हाई, चारला जाणार. बुवा बोलो की न बोलो."

"दुर्बीणवाले साहेब आले!" बुवा हसला. "चंद्र हितं आमची नोकरी करतो!"

चारला बुवा नारळ सोलत बसला होता. शुक्र गपकन गेला, चिमटीत वात विझावी तसा. जगन्नाथच्या अंगठ्यानं सवयीनं घड्याळ दाबलं.

"अगं बाई, गेला की!" गर्दीतली झुंबरबाई ओरडली. "बुवा, तुम्ही तर नारळात!"

बुवा दचकला, पण सावरला. "भक्तांची घाई बघून मनातच हुकूम सोडला."

"मंग नऊ दिवस बाराच का सांगत आलात?" जगन्नाथ म्हणाला. "ती वेळ आभाळात कुठंच नव्हती. माझ्या चुकीच्या छापील कागदावर तेवढी होती. दादा, तुला पाठवलेला कागद कुठाय?"

कारभारीनं मान खाली घातली. "तुझं नाव छापून आल्तं... लग्नपत्रिका देवापुढं ठेवतो, तसा हळदकुंकू लावून बुवांच्या पायाशी ठेवला."

झुंबरबाईनं बुवाची झोळीच उलटी केली. साखळीचं घड्याळ पडलं, मागोमाग कागद. कोपऱ्यावर हळदीचं बोट, आणि बाराच्या आकड्याखाली ताजी शाईची रेघ.

"मेल्या, अंगठाबहाद्दर ना तू? इंग्रजी वाचतोस की!"

लोक बुवाच्या मागं धावले. कारभारीनं घरी येऊन बाटलीचा दोरा दातानं तोडला. पण उमाला गिळताच येईना. तासाभरानं शुक्र चंद्राच्या उजळ कडेनं बाहेर आला तेव्हा दोघं भाऊ तिला घेऊन जालन्याच्या वाटेवर होते. राजूरच्या अलीकडे उमा गेली.

आकाशातलं गणित कुणालाही पडताळता येतं, करणाऱ्याची चूकसुद्धा काढता येते. बुवाला तेवढंच विचारा : तुझं चुकलं, तर आम्हाला कसं कळणार? आणि औषधाला दोरा बांधणारा हात पहिल्याच दिवशी धरा. भोकरदननं तो नवव्या दिवशी धरला.

बुवा दोन महिन्यांत तीर्थपुरीला पुन्हा बसला. गाय त्याच्याच दावणीला.

वर्षानं तिघांचा निबंध छापून आला. जगन्नाथनं तो भावाला वाचून दाखवला. भोकरदनपुढं शुक्र झाकल्याची वेळ होती, सेकंदासकट. शुक्र पुन्हा दिसल्याची जागा कोरी.

"ही का रिकामी?" कारभारीनं विचारलं.

"तेव्हा आपण गाडीत होतो, दादा."

कारभारीनं कागदाची घडी केली. या वेळी हळदकुंकू लावलं नाही.