हरलेल्या कुस्तीची कमान

आमच्या जुन्या जकात नाक्यावर एक विजयकमान आहे, आणि तिच्यावर विजय सोडून सगळं आहे. दोन वाघ, एक गदा, वर कळस. मंगळवेढ्याकडून येणाऱ्याला पूर्वी सोलापूर तिथंच लागायचं.

१९७४ साली माझे अज्जा, म्हणजे आजोबा, चनमल्लप्पा पैलवान, मंगळवेढ्याच्या मैदानात मानसिंग पैलवानाशी लढणार होते. अज्जा जिंकणारच, अशी अख्ख्या गल्लीची खात्री. गवंडी पुढं घरच्या लग्नात अडकणार म्हणून या शहाण्यांनी कुस्तीच्या आधीच कमान बांधून टाकली! अज्जा हरले. नाक्याच्या अलीकडंच एसटीतून उतरले आणि शेतांतून घरी आले. तेव्हापासून एक्कावन्न वर्षं ते कमानीला वळसा घालून जातात. लहानपणी मला याचं हसू यायचं, आता वाईट वाटतं.

यंदा गल्लीतल्या मंडळानं कमानीला रंग दिला आणि इतिहासाचा फलक लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. अध्यक्ष गुरुअण्णा म्हणाले, "अक्षता, जिंकले म्हणून लिही की. विचारतंय कोण?"

मीही तसंच लिहिलं. अज्जा एकदा तरी त्या कमानीखालून जावेत, एवढाच माझा लोभ.

रविवारी उद्घाटन होतं. शनिवारी सकाळी मी अज्जांना मजकूर वाचून दाखवला, तर ते भाकरी अर्धी टाकून उठले.

"खोट्या कमानीखालनं जायचं न्हाय म्हणून एवढी वर्सं पाय झिजवलो, आन् तू तेच खोटं रंगवून लावतीस व्हय?"

माझं तोंड एवढंसं झालं. मी कागद फाडला आणि नवा घेतला. "सांगा, काय लिहू?"

"लिव. कमान आदी बांदली, कुस्ती मागनं झाली. मंगळवेढ्याच्या मानसिंगानं चनमल्लप्पाला चितपट केलं."

"सातव्या मिनिटाला ना?"

"नवव्या!" अज्जा कडाडले. "नऊ मिनिटं झुंजलोय मी. सात कुटलं!"

गुरुअण्णांनी कपाळावर हात मारला, पण पेंटरला परत बोलावलं. रविवारी फलक वाचून गल्ली खो खो हसत सुटली. सगळ्यांत मोठ्यानं अज्जा हसले. त्यांनी फेटा सारखा केला आणि सरळ कमानीखालून चालत गेले. माझे डोळे भरून आले.

पलीकडं पोचल्यावर ते वळून उभे राहिले.

"कसं वाटलं, अज्जा?" मी ओरडले.

"थांब की, घाईत कळलं न्हाय," म्हणाले, आणि पुन्हा कमानीखालून यायला निघाले.