आधी दिवा, मग आकाश

सुज्ञ वाचकहो, येथे जी कथा सादर केली जात आहे, ती आपला आवाज दूरवर पोहोचविण्यासाठी झटलेल्या एका गृहस्थाची आहे. तिच्यात यंत्र आहे आणि वीजही आहे. परंतु ज्यांना यंत्र कळत नाही त्यांना काळजी तर कळते, आणि ही कथा मुख्यत्वे काळजीचीच आहे.

सन एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या पौषात लखनौवर असे धुके दाटले होते की आलमबागेतील रेल्वे क्वार्टरांना समोरची रांग दिसेनाशी झाली. तेथे राहणारे श्रीपत रामटेके हे हौशी रेडिओचे परवानाधारक. रोज सकाळी स्वतः बांधलेल्या लहानशा संचावरून ते दूरदूरच्या हौशी मंडळींशी संभाषण करीत. ही विद्या त्यांना नागपूरच्या आत्मारामकाकांनी दिली होती. त्या काकांच्या कंठात दुर्धर गाठ निघाली होती. उद्या शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतर वाचा राहणार नव्हती. आज सकाळी काका आकाशमार्गे अखेरचे बोलणार होते.

श्रीपतरावांच्या संचाची शक्ती सायकलच्या दिव्याएवढी. थंडी पडल्यापासून नागपुरात तिचा मागमूसही लागत नव्हता. म्हणून त्यांनी जिवाचे रान करून ती शक्ती वाढविणारा ॲम्प्लिफायर उभा केला होता. नखासच्या जुन्या बाजारातील कबाड्याकडून आणलेले काचेचे लष्करी वाल्व, मोडक्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, आणि आत खेळणारे सहाशे व्होल्ट. काकांचे दोन दंडक त्यांनी मंत्रासारखे जपले होते. उघड्या यंत्रात उजवा हात घालताना डावा खिशात ठेवावा, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. आणि दुसरा, आधी दिवा, मग आकाश. नव्या यंत्राची तार प्रथम साध्या बल्बला जोडून पारख करावी. उगाच आकाशात कचरा टाकू नये. तो बल्ब टेबलाखाली, भोके पाडलेल्या वनस्पती तुपाच्या डब्यात बसविला होता.

त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी चहा ठेवला आणि यंत्राकडे तिरप्या नजरेने पाहिले. "हे देखो, त्याच्यात हात घालणार असाल तर आधी सांगा. म्हणजे टिफिन भरायची मेहनत वाचेल माझी."

श्रीपतराव हसले नाहीत. वाल्व तांबूस झाले होते. ऐकण्याची तार वेगळी असल्यामुळे जबलपूरचे हौशी मित्र चंद्रहास यांचा आवाज स्वच्छ येत होता.

"लखनौ, लखनौ. आहात का?"

श्रीपतरावांनी बटण दाबले. "काका, जय भीम. मी श्रीपत."

त्यांनी बटण सोडले व कान दिला.

"श्रीपतरावांचा ॲम्प्लिफायर अजून पाळण्यातच दिसतो," चंद्रहास म्हणाले.

मग घोगरा, खरवडल्यासारखा काकांचा आवाज आला. "कुणी ऐकलं का रे त्याला?"

"नाही काका. तिकडे सगळं सामसूम," चंद्रहासांनी सांगितले.

श्रीपतरावांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा कान दिला. वाल्व गेला असेल काय? कबाड्याने फसविले काय?

"बरं, मी थांबतो आता," काका म्हणाले. "डॉक्टर रागावतात. श्रीपतला माझा जय भीम सांगा."

"अहो, डब्यात काय जळतंय?" सुभद्राबाई दारातून म्हणाल्या. "तुम्ही बोललात की उजेड, गप्प बसलात की अंधार."

श्रीपतरावांनी वाकून पाहिले. धास्तीपोटी पहाटे त्यांनी यंत्र पुन्हा एकदा दिव्यावर तपासले होते, आणि तार तेथेच राहिली होती. गुरूची आज्ञा त्यांनी अर्धीच पाळली होती.

"मग बदला ना, जल्दी."

"जल्दी हात घातला तर आज दोघांचाही आवाज जाईल, सुभद्रे."

त्यांनी वीज तोडली. परंतु यंत्राच्या पोटात ती साठून राहते. ती उतरविण्यासाठी लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर टेकविताच निळी ठिणगी तडकली आणि सुभद्राबाईंनी डोळे मिटले. खिशातली डावी मूठ आवळून श्रीपतरावांनी बल्बची तार सोडविली व छतावर जाणारी तार जोडली. वाल्व पुन्हा तापेपर्यंतचा काळ त्यांना युगासारखा भासला.

"काका, मी श्रीपत." मनात रचून ठेवलेली कृतज्ञतेची वाक्ये ऐनवेळी कोठे गेली कोण जाणे. "काका, चहा घेतलात का?"

खरखर. केवळ खरखर. त्यांनी मान खाली घातली.

इतक्यात त्या खरखरीतून बारीक टिकटिक उमटू लागली. तारखात्याची टिंबरेषांची भाषा. काकांनीच ती त्यांना शिकविली होती; काका अजून संचापाशीच होते. श्रीपतराव ओठ हलवीत एकेक अक्षर जुळवू लागले.

"काय म्हणतात?" सुभद्राबाईंनी हळूच विचारले.

"घेतला म्हणतात. आणि म्हणतात..." त्यांनी पुढची अक्षरे जुळविली. "म्हणतात, एवढा वेळ दिव्याशीच बोलत होतास ना?"

टिकटिक पुन्हा सुरू झाली. उद्यापासून असेच बोलू, असे काका कळवीत होते. श्रीपतरावांनी डावा हात आत्ता कोठे खिशाबाहेर काढला, फळीवरची, टिकटिक पाठविण्याची धूळ बसलेली पितळी कळ खाली घेतली आणि बाहीने पुसली.

येथवर ज्यांनी ही कथा धीराने वाचली, त्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
माणिक बाबुराव गेडाम
तेलीबाग, लखनौ