दाराशी भरून ठेवलेली बॅग

मी एक जुनी बॅग आहे. चेन दोनदा बदललेली, एक चाक गेलेलं, आणि खरं सांगायचं तर आता पार दमलेली. कारखान्यात मला शिवत होते तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी सहली असतील. कसलं काय! विकत घेतल्याच्या आठव्या दिवशी लढाई गावात शिरली, आणि मला ओढत एक सून आणि तिची सासू घराबाहेर पडल्या. सुनेचा नवरा मागाहून येणार होता. तो आलाच नाही.

पुढची सात वर्षं छावणीत गेली. तिथे मी उशी झाले, पाट झाले, पावसात दाराची फळीही झाले. "हिच्यामुळे तरलो," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तेवढंच काय ते माझं कौतुक.

मग या परक्या देशात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. कपाटही मिळालं. तरी सुनेने मला रिकामं केलं नाही. कागद, औषधं, दोघींचे कपडे आणि सासूबाईंचं प्रार्थनेचं आसन, सगळं माझ्या पोटात, आणि मी दाराशी. सून लॉन्ड्रीतल्या कामावरून आली की आधी माझी चेन तपासायची.

"माझं आसन तरी काढ गं. फरशी गार लागते," सासूबाई म्हणत.

"राहू द्या, आई. पुन्हा निघावं लागलं तर?"

मग त्या गार फरशीवरच प्रार्थनेला बसत. सून बसत नसे. "देवाला आपला नवा पत्ता कुठे माहीत आहे?" ती म्हणे.

"मी रोज सांगते त्याला. जरा कमी ऐकू येतं, एवढंच."

एका दुपारी इमारतीत आगीचा भोंगा वाजला. सुनेने मला उचललं आणि तीन जिने धावत उतरली. रस्त्यावर पोचून मागे पाहिलं, तर मागे कोणीच नव्हतं. सासूबाई वरच राहिल्या होत्या. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या वजनाची लाज वाटली.

आग नव्हती, कुणाचा तरी पाव करपला होता. सासूबाई कठडा धरत धरत एकट्याच खाली आल्या.

"आई, मी तुम्हाला विसरले," सून रडत म्हणाली.

सासूबाईंनी आधी दम घेतला. "विसरली नाहीस. तुझे हात भरलेले होते."

त्याच संध्याकाळी सुनेने मला रिकामं केलं. आसन अंथरलं आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. तिला प्रार्थनेतले निम्मे शब्द आठवत नव्हते. सासूबाई थांबून थांबून सांगत राहिल्या.

आता मी कपाटावर धूळ खात पडून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही वस्तू तुम्हाला नेहमी सांगतो. मला नाही जपलंत तरी चालेल. फक्त मला पुन्हा घाईघाईने भरायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.